लाईनवरचा श्वास

मी सिग्नलचा माणूस. लान्स नायक, काम टेलिफोन एक्सचेंजवर. चीनच्या लढाईच्या वेळी आमची तुकडी हिमालयातल्या एका खिंडीत तैनात होती. एक्सचेंज म्हटलं की तुम्हा सिव्हिलियन मंडळींना मोठं दालन वाटेल. आमचं होतं एका खंदकात, ताडपत्रीखाली, बिस्किटांच्या खोक्यावर मांडलेलं. पुढच्या प्रत्येक चौकीची एक तार आणि प्रत्येक तारेचा एक प्लग.

सगळ्यांत पुढे, टेकाडावर, टेहळणीला यशवंत असायचा. तो महाडचा, चवदार तळ्यामागच्या वस्तीतला. मी पोलादपूरकडचा, कापड्याचा. गावाकडे असतो तर आम्ही एका पंगतीला बसलो नसतो, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. पलटणीत एका ताटात जेवत होतो.

टेहळणीवाल्याने बोलायचं नाही. वारा पडला की आवाज फार लांब जातो. म्हणून तो हँडसेटमध्ये फुंकर मारायचा. एक फुंकर म्हणजे सब ठीक, दोन म्हणजे दुश्मन जवळ. मधल्या वेळात माझ्या कानात नुसता त्याचा श्वास. त्याच्या नाकातून बारीक शिटी वाजायची.

"काय रे, तुझी गाडी सारखी शिटी का देते?" मी त्याला मेसमध्ये चिडवायचो.

"सिग्नलवाले झोपलेत का बघते," तो म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. दोन फुंकरा आल्या. मी सुभेदारसाहेबांना कळवलं. लगेच डावीकडून फायर सुरू झालं आणि टेकाड नि आम्ही यांच्या मधल्या घळीत दुश्मन शिरला. कंपनीला मागे हटायचा हुकूम आला.

"एक्सचेंज पैक करो."

"साहब, यशवंत लाईन पर है."

"मालूम है. उससे कुछ बोलना मत. आवाज हुई तो वहीं मारा जाएगा."

साहेब चुकीचं बोलत नव्हते. हँडसेटमधून शब्द बाहेर फुटतो, आणि दुश्मन त्याच्या अगदी जवळ होता. मी एकदा कान लावला. श्वास चालू होता, शिटीसकट. मी प्लग काढला.

यशवंत परत आला नाही. त्याचा देहसुद्धा मिळाला नाही.

बर्फाने माझ्या पायाची दोन बोटं नेली. मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं. कापड्याला जाण्याआधी महाडला उतरलो आणि यशवंतच्या आईवडिलांना सगळं सांगितलं. प्लगचंही सांगितलं. त्याच्या वडिलांनी, भागोजीतात्यांनी, माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. आईने एवढंच विचारलं, "शेवटी कसा श्वास घेत हुता रे तो? करून दाखव ना मला." मी तोंड उघडलं आणि छाती गच्च झाली. खिंडीतून हुकमाने मागे आलो होतो. त्या घरातून मात्र आपल्या पायांनी पळालो.

पुढे माझंच श्वास घेणं मला जड झालं. श्वासाकडे लक्ष गेलं की कानात ती शिटी. माझी आई म्हणाली, "पाय तरी शेक रे सवच्या गरम पाण्याच्या कुंडात." गेलो. तिथे कुंडाच्या काठावर भागोजीतात्या गुडघे शेकत बसलेले. पळायला जागा नव्हती.

"वरच्या वरच श्वास घेतोस तू," ते म्हणाले. "आमच्या वस्तीत भन्ते आले हुते. त्यांनी श्वास बघायला शिकवलाय. येतोस?"

"तात्या, मी तुमच्या पोराची लाईन तोडली."

"म्हून तर तुला शिकवायचं हाय. त्याच्या आईला तो श्वास ऐकायचा हाय, नि तुझं तर तोंडच उघडत नाय."

मग मी रविवारी सकाळी महाडला जायला लागलो. पहिल्या दिवशी छाती काढून सावधान बसलो आणि घोडा दाबण्याआधी रोखतात तसा श्वास रोखला. तात्या हसले. "अरे, परेड नाय ही! ओढू नको, ढकलू नको. येतो तसा येऊ दे. नाकाशी बघत राहा."

सोपं वाटतं ना? बसून बघा! दोन-चार श्वास झाले की मन कापड्याच्या भातात. ओढून आणावं तर खिंडीत. पायाला मुंग्या, पाठीत कळ, नि तात्या आपले स्वस्थ. जरा कुठे मन टेकलं की कानात हँडसेट यायचा आणि मी घामाघूम होऊन डोळे उघडायचो.

"तात्या, तो ऐकू येतो."

"येऊ दे. या वेळी प्लग काढू नको, म्हणजे झालं."

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ज्याचा श्वास मी सोडून आलो, त्याच्याच बापाकडे मी श्वास घ्यायला शिकत होतो.

भातकापणी उरकल्यावर एका रविवारी शिटी आली आणि मी डोळे उघडले नाहीत. ती येत राहिली, मी बसून राहिलो. मग काकींना, यशवंतच्या आईला, हाक मारली. त्या सूप ठेवून समोर बसल्या. मी एक नाकपुडी किंचित दाबली आणि त्याचा श्वास घेतला. आत, बाहेर. सावकाश. शिटीसकट.

"अवो, शिटी हाय!" काकी तात्यांना म्हणाल्या. "घाबरला की तोंडानं धापा टाकायचा तो. शिटी बंद पडायची त्याची. घाबरला नव्हता गो बाय माझा पोरगा!"

त्या खूप रडल्या. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू हुतास ना कानाशी. म्हून निवांत हुता."

त्यांनी ते मायेने म्हटलं. पण मला त्याच्या पुढचं दिसत होतं. मी कानाशी आहे या भरवशावर तो पुढेही तसाच निवांत श्वास घेत राहिला असेल, आणि तार तर केव्हाच मेलेली. काकींना हे ठाऊक होतं. तरी त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवला.

अजून रोज सकाळी बसतो. पहिला श्वास शिपाई यशवंतचा. तो पुरा झाल्याशिवाय मी माझा घेत नाही.