उकळलेला चमचा

सुचित्रा मणचेकरच्या घरी चहा प्यायचा म्हणजे ताटकळावं लागे. चहा लवकर व्हायचा, कपबशांना वेळ लागायचा. त्या पहिल्यांदा उकळत्या पाण्यात जात, मग चिमट्याने बाहेर निघत आणि जाळीवर उपड्या पडून आपल्या आपण वाळत. तोवर पाहुण्याने खिडकीतून समोरचा रिकामा प्लॉट बघत बसायचं. शेजारच्या मालतीबाई म्हणायच्या, "हिच्या घरात माशीपण पाय धुऊन येते, बघा." सगळी बिल्डिंग हसायची. हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून सोडून द्यावं असंच ते हसणं होतं. सुचित्रा हसायची नाही आणि रागवायचीही नाही. ऐकून घ्यायची आणि गॅस बारीक करायची.

ती जन्मापासून अशी नव्हती, हे मालतीबाईंना ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्या थट्टा करत, कारण थट्टा केली नाही तर त्या घरात बसायचं कसं, हे त्यांना कळत नसे.

सुचित्राचं माहेर राजापूरकडचं. तिथे स्वच्छता होतीच, पण ती घरच्या रीतीची. राखेने घासलेली भांडी, विहिरीचं पाणी, आणि सगळ्यावर शेवटचा हात पदराचा. जेवायला बसलेल्या माणसापुढे ताट ठेवण्याआधी तिची आई ते पदराने एकदा पुसून घ्यायची. धुतलेलं ताट, पण पुसल्याशिवाय ठेवलं तर कोरडेपणा केल्यासारखं वाटायचं. पोरांची नाकं, कपाळावरचा घाम, चुलीवरून उतरायचं गरम पातेलं, सगळ्याला तो एकच पदर. आईचा पदर म्हणजे माया, हे आपल्याकडे इतक्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की त्या पदराला दिवसभरात आणखी काय काय चिकटतं, ते बघायला कोणी जात नाही. सुचित्रानेही ते पाहिलं नव्हतं. आईची लकब तिच्या हाताने आपोआप उचलली होती, इतकंच.

लग्न करून ती वाशीत आली तेव्हा अठ्ठ्याहत्तर साल होतं. नवरा श्यामसुंदर महाप्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचा. साधा, बडबड्या माणूस. वाशी म्हणजे तेव्हा नव्या इमारती, मध्ये मोकळे प्लॉट, खाडीचा वारा आणि त्या वाऱ्यात कारखान्यांचा वास. मोकळ्या प्लॉटवर लोक कचरा टाकत, आणि पावसाळा उलटला की त्या कचऱ्यावरच्या माशा घराघरांत पाहुणचाराला येत. पण दोन खोल्या स्वतःच्या, नळाला पाणी, आणि वर्षाच्या आत मांडीवर बंडू. सुचित्रा सुखात होती. ते सांगायलाच हवं, कारण नंतर कोणाला तसं आठवत नाही.

बंडू वरचं खायला लागला तसा तिने चंगच बांधला. रेडिओवरच्या बायकांच्या कार्यक्रमात सांगायचे की बाळाचं पाणी उकळा, वाटी-चमचा उकळा. बिल्डिंगमधल्या बायका ऐकायच्या आणि विसरायच्या. सुचित्रा ऐकायची आणि करायची. मालतीबाईंनी तेव्हाही टोमणा मारला होता, "आमची पोरं काय उकळून वाढवली आम्ही?" पण बंडू गुटगुटीत होता आणि सुचित्राची मान ताठ होती.

ऐंशी सालच्या भाद्रपदात बंडूला जुलाब सुरू झाले. आधी दात येत असतील म्हणाले. मग पोर मलूल पडलं, डोळे खोल गेले, तेव्हा त्याला उचलून दोघं डॉक्टर नंदिनी पाटणकरांच्या दवाखान्यात धावली. डॉक्टर तरुण होत्या, दवाखानाही नवा होता. त्यांनी बंडूच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्यांनी मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहायला घेतली आणि लिहिता लिहिता विचारलं, "पाणी उकळून देता का?"

"हो तर! चांगलं खळखळून. वाटी-चमचापण उकळते मी." अशा वेळीही सुचित्राच्या आवाजात थोडा अभिमान होता. पोराची आई होती ती, आपलं काही चुकलं नाही हे तिला सांगायचं होतं.

"आणि मग?"

"मग काय, चमचा काढते, पुसते, आणि भरवते." बोलता बोलता तिने टेबलावरचा औषधाचा चमचा उचलला आणि पदराने पुसून दाखवला. आतून, बाहेरून, गोल फिरवून.

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी त्या पदराकडे पाहिलं. "पदराने नका पुसू," त्या हळूच म्हणाल्या. "नुसतं वाळू द्यायचं."

त्या ओरडल्या नाहीत, दोषही दिला नाही. पण सुचित्रा मुळातच हुशार, आणि हुशारी कधी कधी माणसाच्या मुळावर येते. त्या एका वाक्यासरशी तिला आपला सकाळपासूनचा पदर दिसला. बंडूचे लंगोट धुतल्यावर त्यालाच हात पुसले होते. ओटा पुसला होता, दुधावरची माशी त्यानेच हाकलली होती, बंडूचं तोंड त्यानेच टिपलं होतं. आणि उकळलेला चमचा.

हॉस्पिटलात पोचूनही बंडू वाचला नाही. अंगातलं पाणीच संपलं होतं. एवढ्या लहान जिवाचं क्रियाकर्मही फारसं नसतं. श्यामसुंदर हॉस्पिटलच्या पायरीवर बसून मोठमोठ्याने रडला, येणारेजाणारे थांबून बघत होते. सुचित्रा रडली नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो ना, आपलाच पण आपला न वाटणारा, तशी ती सगळीच्या सगळी झाली. बायका म्हणाल्या, रडू दे हिला, नाहीतर आत साचेल. पण आत काही साचत नव्हतं. तेच तर दुखणं होतं.

काही महिन्यांनी ती एकटीच दवाखान्यात गेली. पदर कमरेला घट्ट खोचलेला होता. तो पुढे कायम तसाच राहिला.

"जंतू कुठून कुठे जातात, ते मला सगळं सांगा," ती डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टरांनी तिला बसवलं. "हे बघा, तुमच्या पदरामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. माशी असेल, पाणी असेल, कोणाचा हात असेल. कोणीच सांगू शकणार नाही."

"चालेल. तरी सांगा."

मग डॉक्टरांनी सांगितलं. आजाऱ्याच्या शौचातून जंतू हाताला लागतात आणि हातावरून अन्नात जातात. माशी तेच काम पायांनी करते. उकळल्यावर जंतू मरतात खरे, पण ओलं, मळकं फडकं हे त्यांचं बाळंतघर असतं. ते फिरवलं की मेलेल्यांच्या जागी जिवंत येऊन बसतात. साबण लावून पळभर पाण्याखाली हात धरला तर उपयोग नाही, चोळावं लागतं. चोळल्याने मळ सुटतो आणि मळाबरोबर जंतूही वाहून जातात. ब्लीचिंग पावडरचं पाणी घाणीवर ओतलं तर त्याचा जोर घाणीशी भांडण्यातच संपतो, म्हणून जागा आधी धुवायची, मग ते पाणी ओतायचं आणि थोडा वेळ तसंच राहू द्यायचं. सुचित्रा ऐकत होती. ना डोळ्यांत पाणी, ना चेहऱ्यावर रेघ. डॉक्टरांनाच ते बघवेना.

पुढे डॉक्टरांनी दवाखान्याला लागून चार खाटांचं नर्सिंग होम काढलं तेव्हा सुचित्राला मदतनीस म्हणून बोलावलं. सुया आणि चिमटे उकळणं, चादरी वेगळ्या भिजवणं, फरशी फिनेलने पुसणं ही तिची कामं. सगळीच ती उत्तम करायची. इतर बायकांना ओकारी उचलताना किळस यायची, हिला काहीच वाटायचं नाही. लोक म्हणाले, चला, बाई कामात रमली. रमते कसली! हात हलत होते म्हणून ती हलत होती.

ब्याऐंशी साली वैशाली झाली. श्यामसुंदरने अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. त्याला वाटलं, आता घर उघडेल. सुचित्राने पोरीला अंगावर पाजलं, कारण आईचं दूध सगळ्यात स्वच्छ असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाजून झालं की लगेच खाली ठेवायची. पापा घ्यायची नाही, कोणाला घेऊ द्यायची नाही. लंगोट उकळायची, उन्हात वाळवायची, इस्त्री करायची. पोर वेळेवर जेवायची, वजन चांगलं होतं, सर्दीसुद्धा क्वचित. दृष्ट लागावी असं पोर, आणि आई तिच्याकडे हात राखून बघायची.

श्यामसुंदरला एकच घोर लागला होता: या मुलीला आई मिळणार की नुसती नर्स? एकदा पोर पाळण्यात रडत होती तेव्हा तो न राहवून बोलला, "अगं, घे ना तिला जवळ."

"आत्ताच नर्सिंग होममधून आलेय मी."

"मग हात धू ना!"

"धुतलेत," सुचित्रा म्हणाली. तरी तिने घेतलं नाही, नुसता पाळणा हलवला. श्यामसुंदर नंतर बराच वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिला. बायकोचा राग यावा असं त्याला फार वाटे, पण राग यायचा नाही.

मुलं रीत लवकर शिकतात. वैशालीने मांडीवर बसायचा हट्ट केव्हा सोडला, हे घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही. पडली तर स्वतः उठायची, गुडघा स्वतः नळाखाली धरायची. मालतीबाई कौतुकाने म्हणायच्या, "काय शहाणी पोर हो, अजिबात त्रास नाही." हे ऐकून श्यामसुंदरचा चेहरा उतरायचा.

ती पाच वर्षांची असताना तिने शाळेच्या फाटकाशी पेरूची फोड खाल्ली. गाडीवरची, तिखटमीठ लावलेली, माशांनी आधी चाखलेली. आता पाच वर्षांच्या पोराने पेरू खायचा नाही तर काय करायचं? तिला जुलाब सुरू झाले.

सुचित्रा घाबरली नाही. वैशालीने कोणता पेरू, कुठला पेरू, सगळं रडत कबूल केलं तरी रागावलीही नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून ती घोट घोट पाजत राहिली. मोरी धुतली, ब्लीचिंगचं पाणी ओतून ठेवलं, कपडे वेगळे उकळले. संध्याकाळी उलट्याही सुरू झाल्या तेव्हा रिक्षा बोलावून पोरीला नर्सिंग होममध्ये नेलं. कुठे काही चुकलं नाही.

डॉक्टरांनी सलाइन लावायला घेतलं. शीर सापडेना, म्हणून सुई परत टोचावी लागली. टोचताना कुठलंही पोर आईला बिलगतं. आई मारकुटी असली तरी बिलगतं. वैशालीने भिंतीकडे तोंड केलं, मोकळ्या हाताने खाटेची लोखंडी दांडी धरली आणि ओठ मिटून रडली. सुचित्रा हाताच्या अंतरावर सलाइनची बाटली धरून उभी होती. पोरीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

डॉक्टर नंदिनींनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी वैशाली पेज मागायला लागली, धोका टळला, तेव्हा त्यांनी बेसिनपाशी हात धुणाऱ्या सुचित्राला गाठलं.

"सुचित्रा, हात कशाला धुतो आपण?"

"जंतू जावेत म्हणून."

"आणि गेल्यावर?"

सुचित्राने नळ बंद केला. एवढ्या वर्षांत तिला हा प्रश्न कोणी घातला नव्हता.

"अगं, मग हात लावायचा असतो!" डॉक्टर चिडूनच बोलल्या. त्या तिला एकेरी हाक पहिल्यांदाच मारत होत्या. "धुतलेला हात लावायचा असतो पोरीला. नुसता धुऊन ठेवायचा नसतो." मग त्या राउंडला निघून गेल्या.

वैशालीला घरी आणलं त्या दुपारी श्यामसुंदर कामावर होता. पोर खाटेवर बसून चादरीच्या कडेशी खेळत होती. सुचित्रा तिच्यासमोर उभी राहिली. तिच्या मनात उमाळा वगैरे आला नव्हता, खोटं कशाला सांगा. डॉक्टरांनी सांगितलं ते एक काम म्हणून तिने करायला घेतलं. तिने दोन्ही हात पुढे केले.

वैशालीने हातांकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. तिचा चेहरा एकदम उजळला. ती खाटेवरून उतरली आणि हातांना वळसा घालून आत पळाली.

"थांब हं आई, मी धुऊन येते!"

सुचित्रा हात तसेच धरून उभी होती. आतून पाण्याचा आवाज येत होता. तो थांबेचना. ती मोरीच्या दारात गेली. आजारातून उठलेली, पाय लटपटणारी पोर पाटावर चढून हात घासत होती. बोटांच्या मधे, नखांत, मनगटाच्या वरपर्यंत, अगदी कोपरापर्यंत फेस. मग चेहऱ्याला, मग मानेला. आपण पुरेशा स्वच्छ झालो की आई जवळ घेईल, असा हिशेब पोरीने कधी मांडला होता आणि किती दिवस ती अशी घासत होती, कोणास ठाऊक.

"आता झाले असेन ना गं मी?" वैशालीने न वळताच विचारलं.

सुचित्राने तिला फेसासकट उचललं. साबणाने पोर हातातून निसटत होती, म्हणून तिला घट्ट धरावं लागलं. आपल्याला काही वाटतंय का, याची सुचित्रा वाट बघत होती. काही वाटलं नाही. पाणी तिच्या पोलक्यातून आत झिरपत होतं, पोरीचं हृदय धडधडत होतं ते तिला नुसतं कळत होतं. संध्याकाळी श्यामसुंदर घरी आला तेव्हा गॅस पेटलेला नव्हता, दिवा लावलेला नव्हता, आणि सुचित्राने पोरीला अजून खाली ठेवलं नव्हतं.