मोघे आणि आमचा ड्रायर

अरविंद मोघेनं पहिल्याच भेटीत माझा माल परत पाठवला. कोलशेतला आमचा कारखाना होता. इस्त्री-गीझरचे थर्मोस्टॅट आणि कटआउट तिथं बनायचे. मी उत्पादनात होतो, तो तपासणीत. कटआउट म्हणजे नखाएवढा भाग. उपकरण बेताबाहेर तापलं की त्यानं आपणहून उघडून वीज तोडायची. मोघे ते गरम तेलात बुडवून बघायचा. माझ्या मालातला एक उघडला नाही, म्हणून त्यानं अख्खी पेटी बाजूला सारली. मी तावातावानं गेलो.

"एका नगासाठी?"

तो फडक्याला हात पुसत म्हणाला, "हे बघा गुप्ते, लवकर उघडला तर गिऱ्हाईक शिव्या घालेल. उघडलाच नाही, तर शिव्या घालायला गिऱ्हाईक उरायचं नाही."

त्या संध्याकाळी त्यानंच मला चहाला नेलं. भांडणाचा चहा आपण पाजायचा, हा त्याचा नियम होता. त्यामुळे आमचा चहा बराच झाला. पुढे आम्ही कळव्याला एकाच इमारतीत घरं घेतली. तो माझ्या खालच्या मजल्यावर राहायचा.

आज त्याच्याविषयी लिहायला बसलो त्याला कारण आहे. आमच्या इमारतीत त्याचं नाव निघालं की लोक अजून म्हणतात, "ते ड्रायर जाळणारे मोघे ना?" ते खोटं आहे. ते खोटं आहे हे इतकी वर्षं मला ठाऊक होतं आणि मी ऐकून घेत होतो.

मोघे अंगानं काटकुळा, पण आवाज जिनाभर घुमणारा. 'डायरेक्ट' या शब्दाचा त्याला मनस्वी राग. कुणाचा गीझर बंद पडला की मेकॅनिक हमखास म्हणायचा, "कटआउट गेलाय, काढून तार डायरेक्ट करून देऊ?" मोघेच्या कानावर ते गेलं की तो बनियनवरच जिना चढून यायचा. "डायरेक्ट कुठे नेतोस बाबा त्यांना? वर?" मग घरमालकाकडे वळून, "कटआउट गेला म्हणू नका. त्यानं तक्रार केली. तक्रार करणाऱ्याला हाकलण्याआधी ती काय होती ते तरी ऐका." खालून मोघेवहिनींचा आवाज यायचा, "घरचा नळ आठवडाभर तक्रार करतोय, त्याचंही ऐका जरा!" मोघे जीभ चावून खाली पळायचा.

माझ्या मुलाला जुळ्या मुली झाल्या तेव्हा त्यानं कपडे वाळवायचा ड्रायर आणला, गरम हवेचा. पावसाळ्यात दुपट्यांचे ढीग साचायचे, त्याला दुसरा इलाज नव्हता. स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत तो बसवला आणि त्याच्याभोवती मी हौसेनं कपाट करून घेतलं. माप माझं, सुतारही मीच आणलेला.

काही महिन्यांनी ड्रायर नुसताच फिरू लागला. कपडे गार आणि ओलेच. मोघे आला. प्लग काढला, मागचा पत्रा उघडला, मीटर लावला. हीटरला लावल्यावर मीटर वाजला, म्हणजे तो धड होता. कटआउटला लावल्यावर गप्प. "हा उघडलाय," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग नवीन टाक."

"टाकतो. पण उघडला का?"

नवा टाकून त्यानं ड्रायर सुरू केला आणि गरम हवा बाहेर टाकणाऱ्या पाइपच्या तोंडाशी टिश्यू पेपर धरला. कागद हलेना. वाकून, टॉर्च मारून त्यानं कपाटामागे पाहिलं. माझ्या कपाटानं पाइप भिंतीशी चेपून चपटा केला होता. गरम हवा आतच कोंडत होती.

"गुप्त्या, कपाट काप. तोवर हा चालवू नकोस."

"अरे, सनमायका नवा आहे."

"नाती पण नव्या आहेत," तो म्हणाला.

मी कपाट कापलं नाही. कटआउट पुन्हा उघडला. सून, शलाका, ओल्या दुपट्यांनी हैराण झाली होती. मोघेला बोलावलं असतं तर त्यानं आधी कपाटाचं विचारलं असतं. मी त्याला बोलावलं नाही. कटआउटची दोन टोकं मी स्वतः तारेनं जोडून टाकली. डायरेक्ट. उभी हयात ज्यानं कटआउट बनवण्यात घालवली त्यानं हे केलं. "झालं दुरुस्त," एवढंच मी घरात सांगितलं. सगळे धरून चालले की मोघेनंच केलं असणार.

एका दुपारी करपल्याचा वास आला. मी मुलींना घेऊन बाहेरच्या खोलीत डुलकी काढत होतो. माझ्याआधी खाली मोघेला वास आला. त्यानं येऊन मेन स्विच पाडला, धूर ओसरल्यावर पत्रा काढला. आत साठलेला कपड्यांचा भुसा काळा पडला होता, आणि माझी तार समोर होती. शलाका कामावरून धावत आली. दोन्ही मुलींना तिनं छातीशी धरलं.

"काका, तुम्हीच केलं होतंत ना हे?"

मोघेनं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसांत मुलींना माझ्यावर सोडून जावं की पाळणाघरात ठेवावं, हा वाद आमच्या घरात चालू होता. ते मीच त्याला सांगितलं होतं, रडवेला होऊन. मी तोंड उघडायला हवं होतं. मी जमिनीकडे बघत राहिलो.

"हो," मोघे म्हणाला. "माझंच चुकलं, बेटा."

नंतर जिन्यात मी त्याचा हात धरला. तो सोडवून घेत म्हणाला, "तुला त्या घरात राहायचंय. मी काय, खालच्या मजल्यावरचा." आणि मग, कधी नव्हे इतक्या जरबेनं, "पण तार आज काढायची. कपाट आज कापायचं."

दोन्ही मी केलं. मुली माझ्याच हाताखाली वाढल्या. मोघेला मात्र इमारतीत कुणी पुन्हा बोलावलं नाही. पुढे तो आणि वहिनी कल्याणला मुलीकडे राहायला गेले, आणि तिथंच तो गेला. आता गीझरचा दिवा नको तेव्हा विझला की अजून वाटतं, जिन्यातून त्याला हाक मारावी. भांडायला तरी तो यावा.

गेल्या आठवड्यात मी शलाकाला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मोघेकाकूंना सांगितलंत?"

म्हणून कल्याणला गेलो. वहिनींना हल्ली फार कमी ऐकू येतं. मी खालच्या आवाजात सुरुवात केली, तशी त्यांनी कानामागे हात नेला. "मोठ्यानं बोला हो, भाऊजी."

"वहिनी, त्या ड्रायरमध्ये मोघ्याचं काही चुकलं नव्हतं! तार मी जोडली होती!"

"कुणी?"

"मी! मी जोडली होती!" शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला.

"पण हे तर म्हणाले, माझंच चुकलं."

"माझ्यासाठी म्हणाला!"

 वहिनींचा नेहमीचा मोठा आवाज सुरू झाला. "मी किती बोलले हो त्यांना. म्हटलं, लेकरं होती त्या घरात, वयानं हात थरथरतात तर नसत्या उठाठेवी कशाला? इथं मिक्सर उघडायला बसले की मी म्हणायचे, तिकडे केलंत तेवढं पुरे. लगेच स्क्रू ड्रायव्हर ठेवून द्यायचे. हसायचे नुसते. शेवटी शेवटी कशाला हातच लावेनात."

 त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"ते होते तेव्हा यायचं होतंत, भाऊजी," त्या म्हणाल्या. एवढंच त्या हळू बोलल्या.