बंद केलेली मंडई

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा होऊन काही वर्षं झाली होती आणि मी एका लहानशा संस्थेत नोकरीला होते. त्या वर्षी संस्थेला मुंबईहून अनुदान मिळालं. कशासाठी, तर घरात खून किंवा अपघात झालेल्या लोकांना दुःखात आधार द्यायचा आणि गावातल्या तरुण पोरांना मारामारीपासून दूर ठेवायचं. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. रस्त्यांना, विहिरींना, शौचालयांना पैसा मिळताना मी पाहिला होता. रडणाऱ्या माणसाला मिळताना पहिल्यांदाच पाहत होते.

मला देवरीकडचं एक गाव दिलं. तिथे आदल्या वर्षीच्या मंडईत एक पोरगा मेला होता. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. आज या गावात, चार दिवसांनी पलीकडच्या. दिवसा बाजार, पाळणे, जिलेबी. रात्री दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, नाहीतर नाटक. आणि घराघरात पाहुणे. त्या रात्री नाटकाला पुढे बसायच्या जागेवरून या गावची आणि शेजारच्या गावची पोरं भिडली. दारू होतीच. शेजारच्या गावच्या एकानं बैलबंडीची उभारी उपसून याच्या डोक्यात घातली. उभारी म्हणजे बंडीच्या बाजूला खोचलेला दांडा. जागेसाठी जीव घेतला, बाप्पा! विचार करून आजही डोकं फिरतं.

मेलेल्याची आई विधवा. मी तिला काकू म्हणायची. घरात ती आणि धाकटा मुलगा, सतरा-अठराचा. घर बौद्ध, त्यामुळे जलदानविधी वगैरे रीतसर झाला होता. पण त्यानंतर काकू घराबाहेर पडली नव्हती.

अनुदान देणाऱ्या मुंबईच्या ताईंनी शिकवल्याप्रमाणे आम्ही समाजमंदिरात 'दुःखमंडळ' भरवलं. गोल करून खुर्च्या मांडल्या, पाणी ठेवलं, आणि वाट पाहिली. कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा दोन बायका आल्या, त्याही खुर्च्या कोणाच्या लग्नाच्या आहेत ते बघायला. मी चिडून काकूच्या घरी गेले, तर ती अंगणात मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेली. मी विचारलं, का आली नाहीस? ती मान वर न करता म्हणाली,

"दुःख का घरून उचलून नेऊन दाखवाची चीज आहे? ज्याले यायचं त्यानं माझ्या घरी यावं."

एवढं साधं होतं. आमच्याकडे मरणाच्या घरी लोक बसायला जातात, मरणाचं घर लोकांकडे जात नाही. मी समाजमंदिर सोडलं आणि तिच्या अंगणात जाऊन बसू लागले. हळूहळू शेजारच्या बायका आपापलं सूप घेऊन आल्या. पानं कापायची, जर्दा भरायचा, दोरा गुंडाळायचा. हात चालू असले की बाईचं तोंडही चालतं, आणि रडू आलं तरी खाली बघायला निमित्त असतं. कोणाचा नवरा विहिरीत पडून गेलेला, कोणाची पोरगी सासरी जळालेली. सगळं त्या सुपांवर निघालं. ताईंना फोटो पाठवले तर त्या म्हणाल्या, हे तर काम चालू आहे, मंडळ कुठे आहे? मी म्हटलं, हेच. त्यांना काही ते पटलं नाही.

काकूला मेलेल्यापेक्षा जित्याची काळजी जास्त होती. धाकटा फार बोलत नसे. दिवसभर पानठेल्यापाशी बसायचा आणि कोणी भावाचा विषय काढला की एवढंच म्हणायचा, मंडई येऊ दे. ज्यानं मारलं तो पावसाळ्यात जामिनावर सुटून घरी आला होता. 'मंडई येऊ दे' चा अर्थ गावातल्या कुत्र्यालाही कळत होता. एक दिवस बायका उठून गेल्यावर काकूनं माझा हात धरला. "एक त मातीत गेला, बाई," ती म्हणाली. "दुसरा जेलात गेला त मी कोणाचं तोंड पाहू?" मी त्या पोराशी बोलायचा बराच प्रयत्न केला. तो ऐकून घ्यायचा, हो म्हणायचा, आणि परत ठेल्यावर जाऊन बसायचा.

दिवाळीच्या तोंडावर गावात सभा झाली आणि ठरलं, यंदा मंडई नाही. मंडई नाही तर भांडण नाही. आमच्या संस्थेचे गोंदियाचे सर तर खूश, "बहुत बढ़िया, झंझट ही खत्म!" मुंबईलाही आनंद झाला. गाव हिंसामुक्त झालं असं अहवालात आलं, आणि मला सांगण्यात आलं की पुढच्या महिन्यापासून तिरोड्याकडची गावं घ्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! अरे, शेजारच्या गावची मंडई तर होणारच होती ना? आणि मारणारा राहत होता तो तिथेच. मी सरांना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, ते गाव आपल्या प्रकल्पात नाही.

पण काकूचं दुखणं मला त्याहून उशिरा समजलं. मरणाच्या घरची पहिली मंडई तिकडे सोयऱ्यांनी येऊन करायची असते. बाईचा भाऊ लुगडं घेऊन येतो, सगळ्यांना जेवायला बसवतो, घरच्यांना हाताला धरून नाटकाला नेतो. त्यानंतर त्या घराला हसायची मोकळीक. धर्म बदलला, पाव्हणे थोडीच बदलले, असं काकू म्हणायची. मंडईच बंद, तर भाऊ कशाला येणार? "त्याचा मामा घरी असता त हा कुठंच गेला नसता," ती म्हणाली. "पाव्हणा टाकून पोट्टा घराबाहेर जात नाही. गावानं मंडई नाही, माझा भाऊच बंद केला." 

शेजारच्या गावच्या मंडईच्या दिवशी मी रजा टाकली आणि देवरीची बस धरली. पोचले तेव्हा दुपार झाली होती. काकू अंगणात बंडीपाशी उभी होती. धाकटा सकाळपासून नव्हता, आणि बंडीची एक उभारी जागेवर नव्हती.

 मी म्हटलं, पोलिसात जाऊ. ती म्हणाली, पोलीस आले की पोरगं जेलात, मग वाचवलं काय? तिनं घरातून धुतलेलं लुगडं काढलं, नेसली, आणि कापणीला आलेल्या धानाच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालू लागली. मी मागे. कुठे जायचंय ते मला वाटेत सांगितलं. ज्या घरच्या पोरानं तिचं पोरगं मारलं, त्याच घरी. पाहुणी म्हणून.

मी धुऱ्याधुऱ्यांवरून एकमेकांची डोकी फोडलेले भाऊ त्या भागात पाहिले होते. एकदा एकानं दुसऱ्याच्या घरी जेवण केलं की विषय संपायचा. जिथे आपलं माणूस जेवलं त्या घरावर हात उचलत नाहीत, हे तिथे कोणाला शिकवावं लागत नाही. आणि मंडईच्या दिवशी दारात आलेल्याला कोण, कुठला, असं विचारत नाहीत, पाट देतात.

त्या घरातली बाई काकूला बघून दारातच थिजली. काकू सरळ पडवीत जाऊन बसली. बराच वेळ आत कुजबुज झाली, कोणीतरी रडलं. मग त्या बाईनं ताट आणलं. भात, वडे, कोंबड्याचा रस्सा. ठेवताना रस्सा जमिनीवर सांडला. काकूनं पहिला घास घेतला तेव्हा मी तोंड फिरवलं. पोटच्या पोराला मारणाऱ्याच्या घरचं अन्न गिळायला काय लागत असेल, ते मला बघवलं नाही.

बातमी बाजारात गेलीच. धाकटा धावत आला, मागे पोरांचं टोळकं, हातात उभारी. अंगणात येऊन थांबला. आईकडे बघितलं, ताटाकडे बघितलं.

"माय, तू यायच्या घरी जेवली?"

"जेवली," काकू म्हणाली. "आता तुले माराचं असन त मार."

 त्याच्या तोंडावर जे होतं त्याला राग म्हणता येणार नाही. भाऊ मेला तेव्हाही तो असा दिसला नसेल. मग त्यानं उभारी तिथेच टाकली आणि निघून गेला. मारणारा घराच्या आतच होता. तो बाहेर आलाच नाही.

अनुदान मार्चमध्ये संपलं. पुढच्या वर्षी मुंबईकरांचा विषय बदलला, पाणी आलं बहुतेक. मीही ती नोकरी सोडली.

काही वर्षांनी एका लग्नाच्या निमित्तानं तिकडे गेले होते, तेव्हा काकूकडे डोकावले. ती बिड्याच वळत होती, केस पांढरे झालेले. मला बघून सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं. मंडई परत सुरू झाली होती. धाकट्याचं विचारलं. तिरोड्याला मोठं वीजघर उभं राहिलं तिथे कामाला आहे म्हणाली. पोलीस केस नाही, भांडण नाही, दारू नाही. वर्षातून एकदा येतो, पैसे ठेवतो, उंबऱ्याच्या आत येत नाही. त्या दिवसापासून आईशी बोलला नाही.

मी तिला धीर द्यायला म्हटलं, येईल ग काकू, राग निवळेल. तिनं मान हलवली.

"माझ्या हातचं पाणी पेत नाही तो," ती म्हणाली. "न पेऊ दे. तहान लागाले जिता त आहे."