आबांनी पारखलेली गाडी

शहाद्याच्या एस.टी. स्टँडवरून ओळखीच्या कंडक्टरने निरोप पाठवला, तेव्हा मी पापड लाटत होते. "रनाळ्याचे जिभाऊ गेले..." एवढंच. कावीळ झाल्याचं ठाऊक होतं, पण माझ्या या थोरल्या भावाने आजाराला कधी भीक घातली नाही, म्हणून मीही घातली नव्हती. त्याला जाऊन आता महिना उलटला. दुःखाचं काही लिहायला बसले की तो डोळ्यांपुढे हसत उभा राहतो. म्हणून त्याच्या गाडीचंच लिहिते, नाहीतरी तिला सोडून त्याच्याबद्दल लिहिताच येणार नाही.

जिभाऊ ऐन पंचविशीत आफ्रिकेला गेला, मोंबासाला, एका गुजराती शेठच्या मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात. तिकडे धुळीच्या रस्त्यांवर मोटारींच्या शर्यती होत. त्यांत त्याला एक जपानी गाडी दिसली. दोन दारांची, पांढरी, रस्त्याला पोट टेकेल इतकी बुटकी, आणि सुटली की दिसेनाशी होणारी. तेव्हापासून त्याच्या पत्रांत तब्येतीची दोन वाक्यं आणि बाकी सगळं तिचं कौतुक. आम्ही लग्नाचं नाव काढावं आणि त्याने गाडीचं! कितीतरी वर्षांनी तो परतला, शेती बघू लागला, आणि आम्हाला वाटलं खूळ उतरलं. कसलं उतरतंय... त्याचाच जुना शेठ तसली एक गाडी घेऊन सुरतेला परतलाय आणि ती विकायची म्हणतोय, हे कळल्याबरोबर स्वारी सुरतेला पळाली. दोन दिवसांनी दोंडाईच्याच्या डांबरी रस्त्याने अशी काही गरजत आली, की अर्धं रनाळं आमच्या अंगणात जमलं.

आबा तेवढे उठले नाहीत. आमचे वडील गोठ्याकडे तोंड करून बसून राहिले, जेवायलाही घरात आले नाहीत. मी माहेरपणाला आले होते. मला वाटलं, एवढ्या पैशात विहीर झाली असती, त्याचा राग असणार. जिभाऊचाही तोच समज. तो आपला शेतीचा हिशेब आबांना समजावत राहिला आणि आबा बैलांच्या पाठी खाजवत राहिले. शेवटी माय चुलीपासून उठून बाहेर आली. "त्याले पैसानं काही नही," ती म्हणाली. "घरमा जनावर ऊनं, आनि त्याले कोनी देखाडं नही."

खरंच की! घरात जनावर आलं आणि आबांना कुणी दाखवलंच नाही. आमच्याकडे कोणतंही जनावर आबांनी पारखल्याशिवाय दावणीला बांधलं जात नसे. आफ्रिकेहून आलेल्या माणसाला नेमकं हेच आठवलं नव्हतं. जिभाऊने दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावं? गाडी चालू न करता ढकलत गावाबाहेर चिंचेखाली नेली, जणू अजून घेतलीच नाही, आणि आबांना बोलावलं. "आबा, शेठ आठ दिन थांबनार शे. तुम्ही देखा. पटनी ते ठेवसूत, नही ते परत लई जासू." मला त्याची कीव आली, अभिमानही वाटला. सगळ्या जन्माची हौस त्याने बापाच्या एका शब्दावर ठेवली होती, आणि नको म्हटलं असतं तर तो खरोखर ती सुरतेला सोडून आला असता.

आबांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. गाडीभोवती फिरले, पाठीवरून हात फिरवला, खुरं बघावीत तशी वाकून चाकं बघितली. मग म्हणाले, "चालाड." जिभाऊने बांधापर्यंत हळू नेली, येताना पळवली. आबा मान तिरकी करून ऐकत होते. "चाल चांगली शे," आबा म्हणाले. "पोट खाले शे, चिखलमा फसी जाई. पावसाळामा काढू नको." एवढं बोलून त्यांनी स्वतःच दार उघडलं आणि टोपी सावरत आत बसले. जिभाऊ त्या दिवशी त्यांना थेट अक्कलकुव्यापर्यंत फिरवून आला.

परवा मी माहेरी होते, तेव्हा शहाद्याकडचे एक केळीवाले गाडी बघायला आले. आबांनीच कुणाकरवी निरोप धाडला होता. नुसती उभी राहून गंजेल म्हणाले. पाहुण्यांना गाडी फार आवडली. आमच्याकडची रीत अशी, की विकणाऱ्याने जनावराच्या पाठीवर हात ठेवून त्याची खोड सांगायची. आबांनी आजवर खोड कधी लपवली नाही, आणि नसलेली कधी सांगितली नाही. पाहुण्यांनी विचारलं, "आबा, काही खोड?"

आबांनी टपावर हात ठेवला. बराच वेळ तो तिथेच राहिला.

"येकच शे," ते म्हणाले. "धनीशिवाय कोनाले वळखस नही."

पाहुण्यांनी चहा संपवला, आबांना नमस्कार केला आणि शहाद्याची बस धरली.