उंबऱ्याबाहेरची पाटी

"अक्षर उलटं की अक्कल उलटी?"

पाटीच्या दोरीत छडी अडकवून गुरुजींनी माझी पाटी वर उचलली, वर्गाला दाखवली. वर्ग खदखदून हसला. माझा 'क' डोक्यावर उभा होता.

चूक माझी नव्हती. पनवेलच्या त्या शाळेत बाकीची मुलं आत बसत, मी महारवाड्यातला म्हणून उंबऱ्याबाहेर. आतल्यांचे हात धरून गुरुजी अक्षरं गिरवून घेत. माझ्यासाठी आतूनच वाकून, बाहेरच्या धुळीत छडीने अक्षर काढत. ते त्यांच्या बाजूने सुलट, माझ्या बाजूने उलटं. मी दिसेल तसं उतरवत होतो.

हिशेब ध्यानात आल्यावर मी उपाय काढला. दिसेल तसं लिहायचं, मग पाटीच फिरवायची. सगळी बाराखडी अशी झाली. गुरुजींचा राग नव्हता मला. शिकवत तरी होते.

मग शाळा तपासायला दिप्टीसाहेब आले.

"ये बाळ, आत ये."

गुरुजींच्या तोंडी बाळ! त्यांनी माझा हात हातात घेतला आणि 'क' गिरवला. तळवा ऊबदार होता.

"सगळ्यांना असंच शिकवतो, साहेब."

"शाबास, मास्तर."

साहेबांचा टांगा नजरेआड झाला. मी पाटी छातीशी धरून तिथेच उभा. गुरुजी रांजणापाशी गेले. माती लावून हात खसाखसा धुतला. एकच. उजवा.

"अजून आतच? हो बाहेर."

आई मिठागरावर मजुरीला जायची. संध्याकाळी तिला मी अर्धंच सांगितलं.

"गुरुजीनं हात धरला? तुजा?" तिने माझा हात उलटसुलट करून पाहिला. "आता नाय कुनी तुला बाहेर बसवनार."

दुसऱ्या दिवशी मी बाहेरच बसलो.

पुढल्या वर्षी साहेब पुन्हा आले. पुन्हा "ये बाळ." मी हात पाठीमागे घेतले.

"नको गुरुजी. मागच्या खेपेला माती लावून धुवावा लागला तुम्हाला."

साहेबांसमोर उंबऱ्याबाहेरच बसलो. 'क' उलटा काढला. पाटी फिरवली. "मला असं शिकवतात, साहेब."

या वेळी कोणी हसलं नाही. साहेबांनी पाटी पाहिली. मला वाटलं, आता बोलतील. ते बोलले.

"मुलगा आगाऊ दिसतो. चला मास्तर, पुढचा वर्ग दाखवा."

ते गेल्यावर छडी बसली. शिवायचं नसलं तरी मारता येतं.

यंदा माझ्या धाकट्या मुलीचं नाव शाळेत घातलं. हेडमास्तर हसून म्हणाले, "आता तसलं काही राहिलं नाही हो. तपासणीच्या दिवशी या, स्वतः बघा."

"त्या दिवशी नाही येणार," मी म्हणालो. "साहेब नसतील तेव्हा येईन. न सांगता येईन. आणि उंबऱ्याच्या आत उभा राहीन."