गोत्रीचा देखणा वळू

गोत्रीत आमच्या सोसायटीवरून एक म्हातारा गवळी रोज सकाळी चाऱ्याची गाडी घेऊन जायचा. गाडीला एकच बैल, गीर जातीचा. भरदार वशिंड, पानासारखे लांब कान. कुणी कौतुकानं बघू लागलं की तो गाडी थांबवायचा, मिशीवरून हात फिरवायचा आणि आपणहून सांगायचा, "आधी हा वळू होता. अख्ख्या गावच्या गायी याच्याकडे यायच्या."

"मग खच्ची का केलात?" मी एकदा विचारलं.

वळू तीन वर्षांनी दुसऱ्या गावाला देऊन टाकायचा, ही त्यांच्या गावची रीत, त्यानं सांगितलं. याच्या मायेपोटी त्यानं ती मोडली. वळूच्या लेकी वळूपासूनच गाभण राहिल्या आणि दोन वासरं जन्मांध निपजली. मग त्यानं वळूला खच्ची केलं, घरोघर गेला आणि चूक माझी, तुमच्या गायी आता दुसरीकडे न्या, असं सांगून आला.

"गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?"

तो ताठ बसला. "बेन, गाय बोलत नाही ना. म्हणून मला बोलावं लागतं."

कासरा हलला. पुढच्या फाटकाशी कुणीतरी बैलाकडे बघत उभं होतं. गाडी थांबली आणि त्याचा हात मिशीवर गेला.