आईनं पाहिलेला हिरवा दिवा

आमचे दिवे तापून मरायचे. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत मी पीएचडीसाठी पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचे एलईडी बनवत होते. केसाहून कितीतरी पातळ थर. त्यात करंट सोडला की लख्ख हिरवा उजेड. करंट वाढवला की उजेड वाढे, पण आतली उष्णताही वाढे. थर ज्या काचेवर चढवलेला असे तिच्यातून ती लवकर बाहेर पडत नसे, आणि थर आपल्याच तापानं बिघडे.

आई शहरातल्या कोठी भागातल्या एका दवाखान्यात नर्स होती. रिटायर झाल्यावर तिनं एकच हट्ट धरला, "तुझा दिवा दाखव मला." चिक्कडपल्लीच्या आमच्या गल्लीत तिनं सांगून ठेवलं होतं, पोरगी नवा उजेड बनवती म्हणून.

माझ्या गाईड सरांची परवानगी काढून एका दुपारी तिला नेलं. त्या वेळी मी काचेऐवजी सफायरच्या, म्हणजे कृत्रिम नीलमाच्या, चकतीवर थर चढवले होते, कारण त्यातून उष्णता पटकन निघते. खाली तांब्याची पट्टीही बसवली होती. हा टिकेल असं मला मनापासून वाटत होतं.

खोलीत अंधार केला आणि करंट सोडला. तिळाएवढा हिरवा ठिपका पेटला.

"अगं बाई! किती गोड आहे गं," आई वाकून म्हणाली. "आणखी मोठा कर की."

मला थांबता आलं असतं. पण तिचा चेहरा उजळलेला पाहून मी करंट वाढवला. ठिपका झळाळला, मग कडेनं काळवंडत गेला. मी घाईनं करंट उतरवला, तरी तो विझत गेला.

"इझला काय? परत लाव."

"परत लागत नाही, आई. आतून जळतो तो."

"पंखा लावून बघ ना."

"पंख्याचं वारं तिथवर पोचत नाही."

परतताना रिक्षात तिनं माझा हात धरून ठेवला, जसा दवाखान्यात रुग्णाच्या नातेवाइकाचा धरत असेल. मला ते सहन होईना, पण हात सोडवताही येईना.

नंतर मी करंट थांबून थांबून सोडून पाहिला, ठिपका आणखी बारीक केला. दिवे जास्त वेळ जगू लागले, पण शेवटी गेलेच. सर म्हणाले, "जेवढं मिळालं तेवढं लिहा." मी लिहिलं. डिग्री मिळाली. गल्लीत आईनं पेढे वाटले. दिव्याचं कुणी विचारलं की ती म्हणायची, "हौ, मी पाहिला ना," आणि विषय बदलायची.